जुलैतला मोहोर

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या किनाऱ्याने वर जाताना, बोवेन गावाच्या अलीकडे आंब्याच्या बागा लागल्या आणि सगळी झाडं मोहोरलेली दिसली. महिना जुलै, म्हणजे घरच्या कॅलेंडरप्रमाणे आषाढ. मोहोर म्हटला की मला पौष-माघ आठवतो, पहाटेचं दव, धुकं पडलं की घरातल्या मोठ्या माणसांचे उतरलेले चेहरे, तुडतुडे, फवारणीचे पंप. ब्रिस्बेनमध्ये कुणाच्या परसात एखादं झाड मोहोरलेलं दिसतं, पण बागच्या बाग मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. "थांब थांब," म्हणेपर्यंत बाग मागे गेली होती. मागे कॅरॅव्हॅन जोडलेली असली की मनात आलं तिथे थांबता येत नाही. नवऱ्याने पुढे रुंद कडा शोधली, गाडी हळूहळू बाजूला घेतली आणि आम्ही तेवढं अंतर चालत परत आलो. कुंपणापाशी उभं राहून मी तो वास घेतला. तोच होता. किंचित आंबूस, किंचित मधासारखा, डोकं जड करणारा.

ब्रिस्बेनहून केर्न्सपर्यंत ब्रूस हायवे आहे, सुमारे 1,700 किलोमीटर. तिथून पुढे कॅप्टन कुक हायवेने पोर्ट डग्लस, मॉसमन आणि मग डेनट्री नदी ओलांडून केप ट्रिब्युलेशन. रॉकहॅम्प्टनला मकरवृत्त लागतं, रस्त्याच्या कडेला त्याची खूण उभारलेली आहे, आणि तिथून वरचा सगळा किनारा उष्ण कटिबंधातला. जायचं ते हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जून-जुलैत. नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश असतात, शिवाय पाऊस आणि चक्रीवादळं. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या थंडीला कंटाळलेली निवृत्त जोडपी आपापल्या कॅरॅव्हॅन ओढत वर येतात. त्यांच्यात आम्ही वयाने धाकटे. मुलं शिकायला बाहेर पडली, घर एकदम मोठं वाटायला लागलं, आणि नवऱ्याने जुनी, एका आसाची छोटी कॅरॅव्हॅन घेतली.

या चाकांवरच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याचे नियम आधी शिकावे लागतात. जड सामान चाकांच्या आसावर येईल असं ठेवायचं. मागच्या टोकाला वजन गेलं की वेग वाढताच कॅरॅव्हॅन डोलायला लागते आणि ती डोलणी गाडीलाही खेचते. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा. मागचं टोक जिकडे जायला हवं तिकडे हात न्यायचा. ताशी नव्वदच्या वर जायचं नाही, आणि मागे ट्रकांची रांग लागली की जागा मिळताच बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यायचं. पाण्याच्या दोन टाक्या, त्यात भांडी, अंघोळ, स्वयंपाक सगळं. पाणी मोजून वापरण्याची सवय मला लहानपणापासून आहे, गुहागरला आमच्या विहिरीचा तळ वैशाखात दिसायचा. नवऱ्याला नव्हती. तो वाळवा तालुक्यातला, कृष्णाकाठचा, पाटाच्या पाण्यात वाढलेला. तांदूळ धुतलेलं पाणी मी बाजूला ठेवायला लागले तेव्हा तो पाहत राहिला, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच ठेवायला लागला.

मुक्कामाला पोचलं की एकाने चाकामागे असायचं आणि एकाने मागे उभं राहायचं. "येऊ दे, येऊ दे, थोडं डावीकडे, येऊ दे, बस्स!" एसटीचा कंडक्टर घाटात गाडी मागे घेताना ओरडायचा त्याच सुरात मी ओरडते. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधली माणसं मराठी न कळताही बरोबर त्याच वेळी माना हलवतात. मग चाकांखाली पाचरी, पातळीयंत्र लावून घर सरळ करायचं, गॅस उघडायचा. आत दोघं एकदम उभे राहिलो तर कुणालाच वळता येत नाही. एकाने बसायचं, मग दुसऱ्याने चहा करायचा. ब्रिस्बेनच्या घरात कित्येक वर्षं त्याची पाळी संपायची तेव्हा माझी कामाची वेळ सुरू व्हायची. निरोप फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर. इथे मधे भिंतच नाही. दिवसातले पाच-सहा तास शेजारी शेजारी बसून समोरचा सरळ रस्ता बघायचा, आणि तोंडासमोर तोंड नसलं की माणूस बोलतो. मला वाटतं लग्नानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांनंतर इतकं आम्ही आत्ताच बोललो.

मकायच्या आसपास त्याचं बोलणं सुरू झालं, आणि त्याचं कारण ऊस. नजर जाईल तिथपर्यंत ऊस. जून ते नोव्हेंबर तिथे गळीत हंगाम असतो. तोडलेला ऊस कारखान्याला नेण्यासाठी शेताशेतातून रेल्वेचे रूळ टाकलेले आहेत, दोन फुटी, आपल्या नेरळ-माथेरान गाडीएवढ्याच रुंदीचे, आणि क्वीन्सलंडभर मिळून हे जाळं सुमारे 4,000 किलोमीटरचं आहे. हायवे आडवा जातो तिथे दिवे लुकलुकायला लागतात आणि उसाने भरलेल्या जाळीच्या डब्यांची लांबच लांब गाडी समोरून निघते. आम्ही थांबलो होतो. काच खाली केली तर मळीचा वास. नवरा म्हणाला, "खोडवा आहे हा, तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा आलेला, बघ, फुटवे कसे आहेत ते." आणि मग गाडी निघून गेली, दिवे विझले, तरी तो बोलत राहिला. वडील गेल्यावर वाटणीत त्यांचा मळ्याकडचा तुकडा गेला तेव्हा तो इथे होता. कागद आले, त्याने सही करून परत पाठवले. त्या तुकड्यावर दहा वर्षांचा असताना तो जेवणाचा डबा घेऊन जायचा, आणि उसाच्या पाचटाने हातावर उठलेले ओरखडे आई रात्री तेल लावून चोळायची. हे त्याने मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो ऊसतोडीच्या टोळ्यांबद्दल सांगत होता. बीडकडून बैलगाड्या यायच्या, मुकादमाची उचल घेतलेली माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा. पहाटे तीनला थंडीत दोघं फडात उतरायची, तो तोडायचा, ती मोळी बांधायची, पोर पाचटावर झोपलेलं. इथे आता सगळी तोडणी यंत्राने होते. पण ती नेहमीच यंत्राने होत नव्हती, आणि मकायमध्ये हा इतिहास झाकलेला नाही. 1863 ते 1904 या काळात आजच्या वानुआतू, सॉलोमन आणि आसपासच्या बेटांवरून सुमारे 62,000 करारपत्रं करून माणसं क्वीन्सलंडमध्ये आणली गेली. काही राजीखुशीने आली, कितीतरी फसवून आणली, काही सरळ पळवून. जंगल तोडून ही जमीन उसासाठी मोकळी केली ती त्यांनी. नंतर 1901 मध्ये गोऱ्यांचा ऑस्ट्रेलिया हे धोरण आलं आणि त्यातल्या बहुतेकांना परत पाठवायचा कायदा झाला. ज्यांची लग्नं, मुलं, घरं इथे झाली होती त्यांनाही. जे राहू शकले त्यांचे वंशज आजही मकायमध्ये मोठ्या संख्येने आहेत.

हे वाचताना मला मॉरिशस आठवलं. रत्नागिरी-मालवणकडची माणसं मुंबई बंदरातून तिकडे उसातच गेली होती, त्याच शतकात, तशाच करारावर. ऊस जिथे जिथे गेला तिथे त्याने कुणाला तरी घरून उचलून आणलं. नवऱ्याने त्या रात्री जेवताना एवढंच म्हटलं, "आमच्याकडे बीड, इकडे बेटं."

आणि मग बोवेनचा मोहोर. या आंब्याचं नाव केन्सिंग्टन प्राइड. लोक त्याला बोवेन आंबाच म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात अजूनही मुख्य जात तीच. तो हिंदुस्थानातून आला असं मानतात. 19व्या शतकात ब्रिटिश फौजेसाठी इथून जहाजं भरभरून घोडे तिकडे जायचे. परतीच्या जहाजांतून आंबे आले, आणि त्यांच्या कोयी बोवेनजवळच्या केन्सिंग्टन नावाच्या मळ्यावर रुजल्या. कोकणातल्या माणसाला इथे लगेच प्रश्न पडतो, कोय रुजवून जात कशी टिकली? हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, काय येईल ते झाडालाच ठाऊक. म्हणून तर आमच्याकडे भेटकलम, पाचरकलम, कोयकलम, आणि कलमं बांधणाऱ्या हातांना मान. पण या आंब्याच्या एका कोयीतून दोन-तीन-चार रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक हुबेहूब आईच्या वळणाची असतात. कलमाची गरजच पडली नाही. चवीला तो हापूसच्या जवळ जात नाही, पण चांगल्या रायवळाच्या जवळ नक्की जातो, आणि रायवळाचा रस मला हापूसच्या रसापेक्षा नेहमीच जास्त आवडत आला आहे.

बर्डेकिन नदीच्या काठी, होम हिल आणि एअरच्या पट्ट्यात, अजूनही तोडणीआधी ऊस पेटवतात. संध्याकाळी आकाश तांबडं झालं आणि रात्री कॅरॅव्हॅनच्या छतावर काळी राख पडत राहिली. सकाळी दोरीवरचे कपडे पुन्हा धुवावे लागले, पाणी मात्र तिथे मुबलक होतं.

टाउन्सव्हिलच्या पुढे कार्डवेलला रस्ता अगदी समुद्राला चिकटतो. समोर हिंचिनब्रुक बेटाचे डोंगर, वाळूवर माड, आणि तरीही काहीतरी कमी वाटत होतं. ते काय, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. गाज नव्हती. माझं माहेर समुद्रापासून दोन वाड्या सोडून आहे. रात्री दिवे मालवले की गाज आत येते, पावसाळ्यात तर बोलणंही मोठ्याने करावं लागतं. इथे बाहेर लांबवर ग्रेट बॅरिअर रीफ पसरलेली आहे आणि महासागराच्या लाटा ती तिकडेच अडवते. किनाऱ्यापर्यंत येतं ते शांत, गढूळ, भरती-ओहोटीचं पाणी. शिवाय या पाण्यात सहज उतरायचंही नाही. रॉकहॅम्प्टनपासून वर नद्यांच्या मुखांत आणि खाड्यांत मगरी आहेत. 1974 पासून त्यांना क्वीन्सलंडमध्ये संरक्षण आहे आणि त्यांची संख्या पुन्हा वाढली आहे. किनाऱ्यावर पाट्या आहेत, खांबाला जेलीफिशच्या दंशावर ओतायला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या आहेत. समुद्राशी माझं नातं गुडघाभर पाण्यात उभं राहून झालेलं आहे. इथे मी वाळूवरच उभी राहिले.

माडांचंही तसंच. लोकवस्तीच्या किनाऱ्यावर नगरपालिकेची माणसं माडांवरचे नारळ आधीच उतरवून टाकतात, खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. कारण पटतं. तरी शेंडीला एकही नारळ नसलेला, नुसता झावळ्यांचा माड बघून मला वाईट वाटलं, आणि ते अजूनही वाटतं. बरेचसे माड शोभेसाठी लावलेलेच आहेत. युरोपीय माणसं आली तेव्हा या किनाऱ्यावर माड जवळजवळ नव्हते. डेनट्रीकडे तर काही लोक त्याला तण समजतात, कारण तो मूळच्या झाडांना उगवू देत नाही.

इथपर्यंत आल्यावर मला एक गोष्ट हळूहळू दिसायला लागली. आम्ही ज्या ज्या ठिकाणी "अरे, हे तर आपलंच" म्हणून थांबलो होतो, ते ते सगळं कुणीतरी आणलेलं होतं. आंबा घोड्यांच्या जहाजातून. ऊस मळेवाल्यांनी आणला आणि त्याच्यामागून माणसं ओढून आणली. माड शोभेला. रस्त्याच्या कडेला फुललेली घाणेरी बागेसाठी आणली आणि ती सुटली. उसातल्या भुंगेऱ्यांना खाईल म्हणून 1935 मध्ये हवाईहून आणून केर्न्सजवळच्या गॉर्डनव्हेलला सोडलेला विषारी बेडूक भुंगेऱ्यांना खाईना, पण आज देशाच्या उत्तर आणि पूर्वेकडच्या मोठ्या भागात पसरला आहे. माझ्या बालपणाच्या खुणा म्हणून मी जे बघत होते तो व्यापाराचा आणि साम्राज्याचा माल होता. आणि जे इथलं खरं मूळचं होतं त्याची मला ओळखच नव्हती.

ती ओळख करून घ्यायला वेग कमीच लागतो, आणि तो कॅरॅव्हॅनमुळे आपोआप कमी असतो. टलीला आम्ही एका दुपारपुरते थांबलो, तिथे 1950 साली पडलेल्या पावसाएवढ्या, म्हणजे 7.9 मीटर उंचीच्या गमबुटाचा पुतळा आहे. आंबोलीचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला तो आकडा खोटा वाटत नाही. मिशन बीचला मात्र पाय निघेना. तिथल्या जंगलात कॅसोवरी राहतो, माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा, उडता न येणारा पक्षी. एका सकाळी रस्त्यावर पुढची गाडी थांबली म्हणून आम्हीही थांबलो. एक कॅसोवरी दोन पट्टेरी पिल्लांना घेऊन रस्ता ओलांडत होता. तो नर होता, कारण मादी अंडी घालून निघून जाते. सुमारे 50 दिवस अंडी उबवतो तो नर आणि पुढे कित्येक महिने पिल्लं वाढवतो तोही नरच. तो खातो ती मोठमोठी फळं दुसरं कुणी गिळू शकत नाही, त्यामुळे त्या झाडांची बी जंगलभर पसरते ती त्याच्या पोटातून. पिल्लू मधेच रेंगाळलं तेव्हा तो वळून थांबला. आमच्या मागे गाड्या उभ्या राहिल्या, कुणीही हॉर्न वाजवला नाही. नवऱ्याने इंजिन बंद केलं होतं.

तिथेच, किनाऱ्यावर, मला उंडी भेटली. मी सावलीला बसले होते आणि हात टेकला तो पानावर. जाड, चकचकीत, आणि मधल्या शिरेपासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक, एकमेकींना चिकटून गेलेल्या असंख्य रेषा. वर पाहिलं तर वाळूवर वाकलेलं जुनं झाड, पांढऱ्या फुलांचे घोस, गोट्यांसारखी हिरवी फळं. आमच्या घरामागे वाळूच्या कडेला असंच झाड होतं. आजी त्याच्या बिया गोळा करायची. कडू तेल, खायचं नाही. देवापुढच्या दिव्याला, दुखऱ्या गुडघ्याला, आणि होडीच्या लाकडाला लावायला. मी नवऱ्याला म्हटलं, हे कुणी आणलं असेल? आणि त्याच वेळी मला उत्तर माहीत होतं. उंडीचं बी तरंगतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत ती मूळचीच आहे, कारण तिला समुद्राने नेऊन लावलेलं आहे.

मग मी शोधायलाच लागले. वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल, तीच. चिखलात तिवराची खारफुटी, श्वास घ्यायला वर आलेल्या मुळांचं तेच रान. आमच्या खाडीतली आणि इथली जात एकच. भेंड होता. करंज होता, शेंगाही त्याच चपट्या. यातलं काहीही कुठल्या जहाजाच्या यादीत नाही. नवरा दोन दिवस माझ्यामागे वाकून वाकून झाडं बघत फिरला, उसाच्या मुलखातल्या माणसाला तिवर आणि कांदळ यांतला फरक समजावून सांगताना मला फार आनंद झाला.

केर्न्स आम्ही लवकर ओलांडलं. गाव चांगलं आहे, पण आमचं मन पुढे होतं. मॉसमनच्या घळीत इथल्या मूळनिवासी कुकू यलांजी समाजाच्या वाटाड्याबरोबर जंगल चाललो. कुठल्या झाडाच्या पानांचा फेस होतो, कुठलं बी शिजवून, वाहत्या पाण्यात भिजवून मगच खायचं, कुठलं फूल आलं की कुठला मासा लागतो, हे तो सांगत होता, आणि मला आजीचाच आवाज ऐकू येत होता. ब्रूस हायवेवर मैलोन् मैल माणूस दिसत नाही म्हणून हा किनारा रिकामा वाटतो. तो कधीच रिकामा नव्हता. डेनट्रीचं राष्ट्रीय उद्यान 2021 मध्ये पूर्व कुकू यलांजी लोकांना कागदोपत्री परत दिलं गेलं. केप ट्रिब्युलेशन हे नाव कॅप्टन कुकने 1770 मध्ये ठेवलं, कारण तिथून त्याच्या संकटांना सुरुवात झाली. त्याचं जहाज जवळच्या प्रवाळावर आदळलं होतं. त्या जागेचं आधीचं नाव कुलकी.

कॅरॅव्हॅन डेनट्री नदीच्या अलीकडे ठेवून, तारेवर ओढल्या जाणाऱ्या फेरीबोटीतून आम्ही नुसत्या गाडीने नदी ओलांडली. पलीकडे डोंगराचा वळणाचा रस्ता, आणि मग जंगल थेट वाळूवर उतरतं. पहिली रांग उंडीचीच.

संध्याकाळी मुक्कामावर परतून, रेंज आल्यावर, आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे दुपार होती, श्रावणातला पाऊस कौलांवर वाजत होता. मी पान दाखवलं. "उलटं कर," आई म्हणाली. "आता उजेडात धर. हो, उंडीच. कुठे मिळाली?" मी सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "समुद्र काय, एकच तर आहे," असं म्हणून तिने लगेच विचारलं की तिकडचे लोक तेल काढतात का, बिया किती दिवस वाळवतात. मग थोडं थांबून म्हणाली, "आपली गेली गं. मागच्या वर्षी कुंपणाची भिंत घातली तेव्हा काढली. तुला सांगायचं राहून गेलं."

मी काही बोलले नाही. नवऱ्याने फोन माझ्या हातातून घेतला. "आई, रोप मिळेल का कुठे?" त्याने विचारलं.

"दापोलीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत बघते. तुमच्या भाच्याला पाठवते स्कूटरवरून. पण लवकर बघायला हवं, पाऊस आहे तोवर. भाद्रपद सरला की वाळूत लावून उपयोग नाही, जगत नाही ते. आणि दोन आणायला सांगते. एक गेलं तर दुसरं."